उलटं छप्पर: भूसुरुंगाला तोंड देणारी गाडी नेमकी कशी वाचवते?

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण शोरूममधल्या नाही. गडचिरोली किंवा बस्तरच्या बातम्यांमध्ये तुम्ही एक उंच, बोजड गाडी पाहिली असेल. छोट्या खिडक्या, जाड काचा, ट्रकसारखी चाकं. पोलिसांच्या बोलण्यात ती 'एमपीव्ही', म्हणजे भूसुरुंगाच्या स्फोटातून आतली माणसं वाचवण्यासाठी बनवलेली गाडी. बघणाऱ्याला वाटतं, पत्रा जाड आहे म्हणून ती वाचवते. पत्रा जाड असतोच. पण खरं काम करतो तिच्या तळाचा आकार.

हे समजून घेणं का महत्त्वाचं आहे? 1 मे 2019, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे जवान एका खासगी गाडीतून निघाले होते. रस्त्यात भूसुरुंगाचा स्फोट झाला. 15 जवान आणि गाडीचा चालक, 16 जणांचा जीव गेला. साध्या गाडीचा तळ अशा वेळी काय करतो, ते आधी बघू.

साध्या गाडीचा तळ सपाट आणि जमिनीला जवळ. खाली स्फोट झाला की गरम वायू, माती, दगड सगळं सुसाट वर येतं आणि त्या सपाट तळावर थेट आदळतं. बाजूला निसटायला वाटच नाही. सगळा दणका तळाला, तिथून सीटला आणि सीटमधून माणसाच्या मणक्याला.

आता कोकणातलं कौलारू घर आठवा. छप्पर उतरतं का असतं? पाणी साचू नये, दोन्ही बाजूंनी वाहून जावं म्हणून. एमपीव्हीचा तळ म्हणजे तेच छप्पर उलटं करून खाली लावलेलं. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा. खालून आलेला झोत त्या उतरत्या पत्र्यावरून दोन बाजूंना निघून जातो. गाडी उंच असते तीही याच कारणासाठी. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे जमीन आणि तळ यांच्यातली प्रत्येक वीत मोलाची.

आतली व्यवस्थाही तशीच. चांगल्या एमपीव्हीत सीट तळाला थेट घट्ट बसवत नाहीत, छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगतात, म्हणजे तळाचा दणका मणक्यापर्यंत सरळ पोचत नाही. खांद्यावरून येणारे पट्टे असतात, कारण गाडी उसळली की डोकं छतावर आपटतं. आत मोकळं सामान ठेवणंही धोक्याचं. दारूगोळ्याची पेटी उडाली तर तीच डोक्यात बसेल. आणि चाकं? ती तुटून पडली तरी चालतात. चाक बदलता येतं, माणूस नाही, हा साधा हिशोब.

ही कल्पना आली आफ्रिकेतून. 1970 च्या दशकात ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, युद्ध चालू होतं आणि कच्च्या रस्त्यांवर सुरुंग पेरलेले असायचे. तिथे असे तळ असलेल्या गाड्या बनल्या. मग दक्षिण आफ्रिकेत 'कॅस्पिर' आली. तिथल्या पोलीस दलाच्या आणि संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांची अदलाबदल करून हे नाव तयार झालं. वर्णद्वेषी राजवटीने हीच गाडी काळ्या वस्त्यांमधली आंदोलनं दडपायला वापरली, हेही विसरायला नको. अमेरिकेला हा धडा इराकमध्ये मिळाला. सपाट तळाच्या हमव्ही गाड्यांमध्ये सैनिक मरत होते, तेव्हा 2007 मध्ये तिथे अशा गाड्या हजारोंच्या संख्येने मागवायला सुरुवात झाली. भारताने कॅस्पिर विकत घेतल्या आणि पुढे तेलंगणातल्या मेदकच्या आयुध निर्माणीत आपल्याकडेही एमपीव्ही बनू लागल्या.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही ना!

कॅस्पिरची क्षमता बघा. चाकाखाली 21 किलो टीएनटी, पोटाखाली 14 किलो. रणगाड्यासाठीच्या साधारण सुरुंगात 6-7 किलो स्फोटक धरलं, तर चाकाखाली तीन आणि पोटाखाली दोन सुरुंग. युद्धातल्या कारखानी सुरुंगांसाठी हे पुरेसं आहे. पण रस्त्याखाली किंवा मोरीत कुणी कितीही स्फोटकं भरू शकतो. 2005 च्या सप्टेंबरमध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात एमपीव्हीच उडवली गेली आणि 20 हून जास्त जवान गेले. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा बिजापूरलाच जवानांच्या गाडीखाली स्फोट झाला, आठ जवान आणि चालक गेले. त्यातली स्फोटकं 60 किलोच्या वर होती, असं पोलिसांनी सांगितलं. चौदा कुठे आणि साठ कुठे!

बरं, गाडी अजून जाड करत गेलो तर? वजन वाढतं, कच्च्या रस्त्यात रुतते, छोटे पूल पेलत नाहीत. उंच असल्यामुळे उलटण्याची भीतीही असते. अफगाणिस्तानच्या डोंगरांत अमेरिकेला हेच नडलं आणि 2009 मध्ये तुलनेने हलकी गाडी आणावी लागली. शिवाय जड गाडी रस्त्याला बांधलेली, आणि रस्ता कोणता ते समोरच्याला आधीच माहीत. म्हणून गाडी निघण्याआधी जवान पायी जाऊन मोऱ्या तपासतात, सोबत मेटल डिटेक्टर आणि कुत्री असतात. गडचिरोलीतलं सी-60 पथक तर जंगलात मैलोन्‌मैल चालतंच जातं. कित्येकदा सगळ्यात सुरक्षित गाडी म्हणजे गाडीच न वापरणं.

पण चालत गेलेला जवान जंगलात जखमी झाला तर? तिथे एमपीव्ही पोचत नाही, ॲम्ब्युलन्सही नाही. याच अडचणीतून जानेवारी 2021 मध्ये सीआरपीएफला 'रक्षिता' मिळाली. डीआरडीओच्या दिल्लीतल्या संस्थेने 350 सीसीच्या रॉयल एनफिल्डची केलेली बाईक ॲम्ब्युलन्स. मागे जखमीसाठी कललेली सीट, डोकं हलू नये म्हणून आधार, अंगाला बांधायचे पट्टे. जखमीच्या तब्येतीची मोजमापं चालवणाऱ्याला समोरच्या स्क्रीनवर दिसतात. चिलखत काही नाही. ती वाचवते ते वेळ वाचवून, कारण रक्त वाहत असताना पहिला तास हातचा गेला की पुढे डॉक्टरही हतबल होतात.

एकीकडे कित्येक टनांची एमपीव्ही, दुसरीकडे एक बाईक. दोन्ही जीव वाचवायलाच बनल्या, पण धोका वेगळा म्हणून उत्तर वेगळं. त्यामुळे अशी कुठलीही गाडी दिसली की 'किती मजबूत आहे' याच्या आधी विचारा, 'कशापासून वाचवते, आणि कशापासून नाही?' जवानाला गाडीत बसवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. उत्तर चुकलं तर किंमत आत बसलेला मोजतो.