वरचा टाका, आतला टाका

मी डॉक्टर नव्हे; कामगारांचे जखमी हात पाहत आलेला माणूस आहे. पत्रा लागून बोट कापले, जखम भरली, तरी बोट वाकत नाही. कारण आतली कंडरा तुटलेली असते. कंडरा म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारी दोरी. ती तुटली की वरचे टोक तळहाताकडे मागे सरते.

शल्यवैद्य दोन्ही टोके शोधून जोडतात. मेंढीच्या आतड्यापासून होणारा कॅटगट येथे निरुपयोगी. शरीर तो लवकर पचवते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरसारखा टिकणारा दोरा लागतो. दोन पदरांपेक्षा चार पदर अधिक ताण सोसतात. शिवाय कडेने बारीक शिवण घालतात, म्हणजे जोड नळीतून अडकत नाही. कंडरा हाडापासूनच उखडली असेल तर दोरा ओवलेली चिमुकली खुंटी हाडात बसवतात. बोटाच्या मुळाशी टाका घालूच नये, असे पूर्वी मानत. १९६७ साली अमेरिकेत क्लाइनर्ट यांनी तेथेही यश दाखवले.

मात्र दोरा कंडरा सांधत नाही, नुसती धरून ठेवतो. सांधते ती कंडराच. हात अगदी बांधून ठेवला तर ती भोवताली चिकटते, ओझे उचलले तर टाका सुटतो. म्हणून पट्टीच्या आधाराने बेताची हालचाल, आणि जड काम सुमारे तीन महिन्यांनी.

आमचा एक गडी पंधराव्या दिवशी म्हणाला, “दादा, टाके काढले, उद्या कामावर जातो.” काढले होते ते कातडीचे.