गॉल : तटबंदीहून चिवट कायदा

गॉल हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा क्रिकेटमुळे. कसोटी सामना रंगात आलेला असताना मैदानामागे जी काळपट तटबंदी दिसत राहते, ती श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल किल्ल्याची. पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये इथे पहिली तटबंदी घातली. १६४० मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने ती जिंकून घेतली आणि पुढच्या दीडशे वर्षांत तटाच्या आत एक अख्खे शहर वसवले. जुन्या दरवाजावर आतल्या बाजूला कंपनीचे सिंहांकित चिन्ह आणि १६६९ हे साल कोरलेले आहे. १७५५ च्या डच चर्चमध्ये पायाखाली कबरींच्या शिळा आहेत, आणि रस्त्यांखालून काढलेली गटारे भरती-ओहोटीच्या पाण्याने धुतली जावीत अशी योजना होती. पर्यटक हे सगळे पाहतात, ते पाहण्याजोगेच आहे. पण डच इथे काय मागे ठेवून गेले याचे उत्तर याच किल्ल्यातल्या कोर्टाच्या चौकात आणि भोवतालच्या वकिलांच्या कचेऱ्यांत शोधावे लागते. श्रीलंकेत आजही जमिनीच्या मालकीचा वाद चालतो तो रोमन-डच कायद्याच्या तत्त्वांवर. न्यायालये योहानेस वूट या सतराव्या शतकातल्या डच कायदेपंडिताचा आधार घेतात. खुद्द हॉलंडने हा कायदा १८०९ मध्ये बाजूला सारून नेपोलियनची संहिता स्वीकारली होती!

परका कायदा इतका खोल रुजला त्याच्या मुळाशी दालचिनी आहे. कंपनीला हवी होती दालचिनीची मक्तेदारी, आणि चोरट्या व्यापाराला देहान्त शासनापर्यंतची शिक्षा होती. साल सोलण्याचे काम सलागम जातीच्या माथी सक्तीची सेवा म्हणून मारलेले होते. कोणाकडून किती सेवा घ्यायची हे ठरवायचे तर माणसे आणि जमिनी यांची मोजदाद हवी. त्यासाठी कंपनीने ‘थोंबो’ नावाची दप्तरे लिहून काढली. आपल्या सातबाऱ्यासारखीच ही नोंद, पण अधिक बारीक : कुटुंबात कोण कोण, जमीन कोणत्या हक्काने, तिच्यात नारळाची झाडे किती, फणसाची किती, आणि त्याबदल्यात कंपनीची सेवा कोणती. दप्तर लिहिले गेले पिळवणुकीसाठी. पण एकदा नाव चढले की तेच दप्तर शेतकऱ्याच्या हक्काचाही पुरावा झाले, आणि पुढे वारस भांडले तेव्हा थोंबोचे उतारे न्यायालयासमोर आले. राज्यकर्त्याचा कायदा टिकतो तो रयतेची मालमत्ता त्याच्यात गुंतते म्हणून. गॉलकडून मला उमगते ते हे.

याचा पडताळा कोकणात मिळतो. याच कंपनीने सतराव्या शतकात, १६३७ पासून, वेंगुर्ल्याला वखार चालवली. गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला ती सोयीची होती. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत, पण कोकणातल्या एकाही फेरफाराला डच कायद्याचा स्पर्श नाही. वेंगुर्ल्यात कंपनी व्यापार करून निघून गेली. गॉलच्या मुलखात तिने गावोगावच्या जमिनीची दप्तरे लिहिली.

यावर आक्षेप येईल की हा वारसा खरे तर इंग्रजांनी जपला. ते खरे आहे. १७९६ मध्ये डच गेले, आणि १७९९ च्या जाहीरनाम्याने इंग्रजांनी जुनाच कायदा चालू ठेवला. पण त्यांनी काय जपले आणि काय बदलले हेही पाहावे. १८५२ मध्ये जहाजे, हुंड्या यांच्यासाठी इंग्रजी कायदा आला, १८८३ मध्ये फौजदारी संहिता आली. व्यापाराचे नियम बदलता आले, कारण व्यापारीही बदलले होते. दालचिनीची मक्तेदारी १८३३ मध्ये संपली, आणि कोलंबोचे कृत्रिम बंदर झाल्यावर गॉलची जहाजेही गेली. (जुनी घरे बचावली ती या पडत्या काळामुळेच.) जमिनीला हात लावणे मात्र सोपे नव्हते. तिथला कायदा उलथवला असता तर लाखोंची मालकी संशयात आली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे वसाहतवादाचे कौतुक नव्हे काय? मक्तेदारी, वेठ आणि गुलामगिरी यांवर उभ्या राहिलेल्या सत्तेचे कौतुक करण्याचे कारण नाही, आणि त्या कायद्याने सगळ्या बेटाला एकाच साच्यात घातले असेही नाही. कँडीच्या डोंगराळ प्रदेशातल्या सिंहलींचा वेगळा कायदा टिकला. जाफन्याच्या तमिळांचे ‘तेसवळमै’ हे रिवाज तर १७०७ मध्ये डचांनीच लिहवून घेतले. आणि कायद्यामागची माणसेही उरली नाहीत. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरल्यावर डच वंशाचे कितीतरी बर्गर ऑस्ट्रेलियाला निघून गेले. कायदा राहिला तो सिंहली, तमिळ, मुस्लिम वकिलांच्या हाती, आणि त्यांनी तो आपल्या गरजेने वळवला. रास्त किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत जमीन विकावी लागलेल्याला तो व्यवहार मोडण्याची मुभा देणारे जुने तत्त्व त्यांनी राखले. पिढ्यान् पिढ्या मालमत्ता विकू न देणारी वारसाची बंधने मात्र १९७२ मध्ये कायदा करून रद्द केली.