उन्हाळ्यातही गारठवणारा पाऊस : फेरो बेटांचे हवामान आणि ज्येष्ठ प्रवासी

मुले डेन्मार्कमध्ये किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतून हल्ली उन्हाळ्यातील युरोपवारीच्या यादीत एक नवे नाव दिसू लागले आहे : फेरो बेटे. आइसलँड, नॉर्वे आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध, उत्तर अटलांटिक महासागरात उभा असलेला हा अठरा बेटांचा समूह. हिरवेगार उतार, थेट समुद्रात कोसळणारे धबधबे आणि छपरांवर गवत उगवलेली घरे यांची छायाचित्रे पाहिली की कोकणातला श्रावण आठवतो. आई-वडिलांना तिथे नेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. न्यावेच, असे आमचेही मत आहे. मात्र जाण्यापूर्वी तिथला पाऊस आणि आपला पाऊस यांतला भेद नीट समजून घ्यायला हवा. चित्रांतील साम्यामुळे नेमकी इथेच गफलत होते.

प्रथम तापमानाकडे पाहू. ही बेटे 62 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. याच अक्षांशावर वसलेल्या सैबेरियातील याकुत्स्क शहराचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे 35 अंशांच्याही खाली जाते. फेरोची राजधानी तोर्शहाव्न येथे मात्र जानेवारीत ते शून्याच्या वर 3 ते 4 अंश असते. दक्षिणेकडून येणारा उबदार सागरी प्रवाह ही किमया करतो. पण समुद्र जसा हिवाळा कडक होऊ देत नाही, तसा तो उन्हाळाही येऊ देत नाही. जुलैची सरासरी जेमतेम 11 अंशांच्या आसपास. सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार महिन्यांत सात-आठ अंशांचेच अंतर! आपल्या नागपुरात हिवाळ्याच्या एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांच्यात याहून अधिक फरक पडतो. तेव्हा ‘आम्ही जुलैत जातोय, थंडी कशी असेल’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

आता पाऊस. तोर्शहाव्नमध्ये वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या मानाने कितीतरी कमी. डोंगराळ मध्यभागात तो दुपटीच्या घरात जातो, तरी महाबळेश्वरच्या पासंगालाही पुरत नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन मोकळा होतो. तिथे तो वर्षभर, दोनशेहून अधिक दिवस पडत राहतो. धो-धो क्वचितच. बहुधा बारीक भुरभुर, मधूनच एखादी जोरदार सर, लगेच ऊन, पुन्हा धुके, आणि हे सारे एका तासात. सूर्यदर्शन वर्षाकाठी अवघे साडेआठशे तासांच्या आसपास. त्यात वारा असा की पाऊस वरून न पडता बाजूने येतो. छत्री उघडताच उलटी होते, म्हणून तिथले लोक ती फारशी वापरतच नाहीत.

मुंबई-कोकणात जुलैचा पाऊस पडतो तेव्हा हवा 25-27 अंशांची असते. त्या पावसात भिजून घरी आले, अंग पुसले, आल्याचा चहा घेतला की काम भागते. ‘पावसात भिजल्याने कोणी मरत नाही’ हे आपले सांगणे त्या उबदार पावसापुरते खरे आहे. 10 अंशांच्या हवेत ओले झालेले अंग वाऱ्यात राहिले, तर कपड्यांतील पाण्याची वाफ होताना शरीरातील उष्णता झपाट्याने काढून घेतली जाते. केवळ वाऱ्याचाच परिणाम पाहायचा तर 5 अंशांची हवा ताशी 50 किलोमीटर वेगाने वाहू लागली की उघड्या त्वचेला ती उणे 1 अंशासारखी भासते, आणि असा वारा तिथे नवलाचा नव्हे. नाशिककरांना 9 अंशांची पहाट परिचित आहे. पण ती कोरडी आणि शांत असते, दहा वाजता उन्हात बसता येते. फेरोमधील 9 अंश हे वेगळेच प्रकरण आहे. तापमापकावरील आकड्यावरून तिथल्या थंडीचा अंदाज बांधू नये.

शरीराचे आतील तापमान 35 अंशांच्या खाली उतरले की त्या अवस्थेला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. ती बर्फातच येते, हा समज चुकीचा आहे. गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, ओल्या वाऱ्यातही ती येते, आणि वय वाढलेल्यांना लवकर गाठते. उतारवयात स्नायू कमी झाल्याने उष्णता कमी निर्माण होते, त्वचेखालील रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या तत्परतेने आकुंचन पावत नाहीत आणि थंडीची जाणीवही बोथट होते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, पार्किन्सन्स, तसेच झोपेची किंवा मन शांत करणारी औषधे यांमुळे धोका वाढतो. कुडकुडणे ही तरुणांत पहिली खूण असते, वृद्धांत ती कधी कधी दिसतच नाही. त्याऐवजी बोलणे अडखळते, पाऊल डगमगते, बटण लावता येत नाही, माणूस गप्प आणि उदासीन होतो. सोबतच्यांना वाटते, ‘दमले असतील.’

म्हणून काळजीवाहकांना सांगणे असे, की केवळ हात गार लागतात का हे पाहू नका. हात तर सर्वांचेच गार असतात. कपड्यांच्या आत पोटावर किंवा पाठीवर आपला उबदार तळवा ठेवून पाहा. तिथे गारवा जाणवला तर भटकंती तत्काळ थांबवा. निवाऱ्यात नेऊन ओले कपडे काढा, कोरडे कपडे व पांघरूण घाला, डोके झाका, छाती-पोटाला आधी ऊब द्या. शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नयेत, गरम पाण्याची पिशवी थेट त्वचेला लावू नये आणि ‘ऊब येईल’ म्हणून मद्य मुळीच देऊ नये. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात आणि उरलीसुरली उष्णताही निघून जाते. गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच 112 हा आपत्कालीन क्रमांक लावावा. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे ते ‘मला थंडी वाजते’ असे सांगतीलच याचा भरवसा नसतो. त्यांची तपासणी दर अर्ध्या तासाने व्हायला हवी.

कपड्यांबाबत आपल्याकडील सवय उलटी करावी लागते. सुती वस्त्र आपले लाडके, पण तिथे भिजलेले सूत म्हणजे अंगाला चिकटलेली थंडगार घडी. ते वाळतही नाही. अंगालगत पातळ लोकरीचा थर, त्यावर स्वेटर, आणि सर्वांत वर पाणी व वारा दोन्ही अडवणारे जाकीट आणि तशीच विजार. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब राखते. तिथल्या लोकांनी लोकरीला आपले सोने म्हटले आहे ते उगाच नव्हे. साडी नेसणाऱ्या आजींनी बाहेर फिरतानापुरता हट्ट सोडावा, हे बरे. निऱ्यांचा काठ ओल्या गवतातून पाणी शोषून वर चढवतो आणि वाऱ्यात पाय अडकतो तो निराळाच. सोडवतच नसेल तर आत लोकरीची विजार आणि वरून लांब जलरोधक कोट हवा. कानटोपी आपल्याकडे थट्टेचा विषय असली तरी तिथे तिच्यासारखी सोय नाही.

पादत्राणांवर मात्र तडजोड नको. ओले गवत, शेवाळलेले दगड आणि उतार यांवर घसरून मोडलेले खुब्याचे हाड हे हायपोथर्मियापेक्षाही अधिक संभाव्य संकट आहे. घोट्यापर्यंतचे, खाचदार तळाचे बूट निघण्यापूर्वी महिनाभर घरी वापरून पायाला सरावलेले असावेत. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर रोज रात्री तळवे पाहावेत, बोटांमधली जागा कोरडी करावी. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिकिनेस बेटावर धक्क्यापासूनच चढाच्या पायऱ्या सुरू होतात. गुडघे दुखत असतील तर ते बेट यादीतून काढून टाकावे. गासादालुरचा धबधबा मोटारीतून उतरून थोड्या चालीत दिसतो आणि सौंदर्यात तो कुठेही उणा नाही.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर भार येतो. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषधांचा आढावा घ्यावा. वाऱ्याविरुद्ध चढ चढणे टाळावे. थंड हवेत तहान लागत नाही, लघवी मात्र वाढते, आणि ‘सारखे जावे लागते’ म्हणून अनेक ज्येष्ठ पाणीच कमी करतात. मग चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग ओघाने येतात. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवून घोटघोट घ्यावे. दम्याच्या रुग्णांनी नाकातोंडावर मफलर गुंडाळावा आणि श्वासाचे औषध आतल्या खिशात ठेवावे. खेड्यांत उपाहारगृहे मोजकीच असल्याने, साखर उतरण्याची शक्यता असलेल्यांनी राजगिऱ्याचा लाडू, खजूर जवळ बाळगावेत.

झोपेचा प्रश्न वेगळाच. जूनच्या उत्तरार्धात सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो आणि रात्री अकरानंतर मावळतो. मधला वेळही संधिप्रकाशाचाच. गडद पडदे, डोळ्यांवरची पट्टी आणि घड्याळाप्रमाणे जेवण-झोप हा उपाय. डिसेंबरात उलट, दिवस जेमतेम पाच तासांचा. त्या काळात ज्येष्ठांनी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जून ते ऑगस्ट हाच योग्य काळ. उन्हाळ्यात भारतीय घड्याळ तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. इन्शुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या वेळा त्यानुसार कशा सरकवायच्या, हे लिहून घ्यावे. इन्शुलिन सामानाच्या बॅगेत न टाकता हातातील पिशवीत ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धात या बेटांवर तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांनी त्यांना ‘कदाचितचा देश’ असे नाव दिल्याचे सांगतात. प्रत्येक बेताला स्थानिकांचे उत्तर एकच : कदाचित, हवा ठीक असेल तर. आजही तेच आहे. धुके उतरले की वागार बेटावरील विमानतळावर विमाने उतरत नाहीत, लहान होड्या रद्द होतात. प्रमुख बेटे मात्र पूल आणि समुद्राखालील बोगद्यांनी जोडलेली असल्याने मोटारीने फिरणे पुष्कळ सुकर झाले आहे, आणि रस्त्यांवरील कॅमेऱ्यांतून पलीकडच्या खोऱ्यात ऊन आहे की धुके हे सकाळी घरबसल्या पाहता येते.

या ‘कदाचित’चा हिशेब औषधांच्या डबीतही धरायला हवा. सहलीच्या दिवसांव्यतिरिक्त किमान आठवडाभराची औषधे, औषधांच्या मूळ नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी आणि परतीच्या विमानापूर्वी दोन मोकळे दिवस हवेत. मुख्य रुग्णालय तोर्शहाव्नला आहे. क्लाक्स्विक आणि दक्षिणेकडील सुदुरोय बेटावर लहान रुग्णालये आहेत. आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. ही बेटे डेन्मार्कच्या राज्याचा भाग असली तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत. डेन्मार्कचा व्हिसा काढताना तो फेरो बेटांसाठीही वैध असल्याची नोंद मागून घ्यावी लागते. प्रवास-विम्याच्या कागदावरही या बेटांचा स्पष्ट उल्लेख आहे ना, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत ना, हे तिकीट काढण्याआधीच पाहून घ्यावे.