एका पिराचं नाव, दोन भाऊ

कामशेतच्या बाजारात सकाळी नुसतं उभं राहून हाका ऐकाव्यात. नाणे मावळ आणि पवन मावळ, दोन्हीकडची माणसं इथे येतात. अशाच एका सकाळी कुणीतरी ‘ए शहाजी!’ म्हणून ओरडलं. वळून पाहणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती, कपाळी बुक्का होता. आपलं नाव एका मुसलमान फकिराकडून आलं, हे त्या माणसाला ठाऊक असेल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेला नाही.

वेरूळचे मालोजी भोसले आणि उमाबाई यांना मूल होत नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, दोन मुलगे झाले. थोरल्याचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या वडिलांचं, नाव ठेवलं शहाजी, धाकट्याचं शरीफजी. ही केवळ बखरीतली गोष्ट नव्हे. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही ती सांगितली आहे, आणि ती सांगताना त्याला कसलाही संकोच वाटलेला नाही. पिराचा दर्गा आजही नगरजवळ दर्गादायरा इथे आहे.

मला मोह पडतो तो या नामकरणाच्या रीतीचा. एकाच पिराचं नाव मधोमध उकलून दोन भावांना वाटून दिलं, आणि दोन्ही तुकड्यांना आपला ‘जी’ जोडला.

‘शाह’ म्हणजे राजा. फारसीतला हा शब्द प्राचीन इराणी शिलालेखांत ‘ख्शायथिय’ या रूपात सापडतो, आणि त्याचं मूळ आपल्या ‘क्षत्र’ या शब्दाशी एकच आहे. म्हणजे शहाजी आणि क्षत्रिय हे शब्द दूरचे भाऊबंद. बुद्धिबळातला ‘शह’ हाच, आणि राजकारणाच्या बातम्यांत रोज येणाऱ्या ‘काटशहा’तही तोच बसला आहे. फकिरांना शाह म्हणायची चाल सूफींची. ज्याला काहीच नको, तोच खरा राजा, असा तिचा अर्थ.

‘शरीफ’ अरबी आहे. श-र-फ या धातूत उंचीचा, थोरवीचा अर्थ आहे. अश्रफ, मुशर्रफ, शराफत, तश्रीफ ही सगळी त्याचीच पोरं. प्रेषितांच्या वंशजांना शरीफ म्हणत, मक्केचा अधिकारीही शरीफच. पुढे त्या शब्दाला सज्जन, खानदानी असा रोजच्या वापरातला अर्थ आला.

मावळाला अशी नावं नवखी नव्हती. गुंजण मावळच्या शिळीमकर देशमुखांतला हैबतराव घ्या. हैबत म्हणजे अरबीत धाक. सर्जेराव, दौलतराव, पिराजी, फकिरा ही नावं घराघरांत होती. बैलाला ‘सर्जा’ म्हणून गोंजारणारा शेतकरीही फारसी ‘शर्झा’च उच्चारत असतो. ही नावं लादलेली होती असं मला वाटत नाही. नवसाचं मूल आणि दरबारी मानाचा किताब, या दोन वाटांनी ती घरात आली आणि घरचीच झाली.

दोन भावांच्या नावांचं नशीब मात्र वेगळं निघालं. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूने लढताना शरीफजी पडले. भातवडी नगरजवळच आहे. ज्या पिराच्या नावाने जन्मले, त्याच्याच परिसरात गेले. आज मराठा घरांत शरीफजी हे नाव फारसं ऐकू येत नाही. शरीफ मुस्लिम घरांत राहिलं. शहाजी मात्र थेट तंजावरपर्यंत गेलं. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी आपल्या मुलाला आजोबांचंच नाव दिलं आणि त्याने १६८४ ते १७१२ तिथे राज्य केलं.

आणि शिवाजी महाराजांची मुद्रा. संस्कृतातल्या त्या मुद्रेत महाराज स्वतःची ओळख ‘शाहाचा पुत्र’ अशी देतात. एका फकिराचं फारसी नाव संस्कृत समासात सहज मावलं. पुढे राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश झाला. दरबारातल्या, प्रामुख्याने फारसी अशा सुमारे १४०० शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. मुद्रेवरचा ‘शाह’ मात्र कुणी हलवला नाही. ते वडिलांचं नाव होतं.