मानसशास्त्राची प्रयोगशाळा वस्तीत

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी लंबक टांगतो, रसायनशास्त्राचा विद्यार्थी परीक्षानळी तापवतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी काय करतो? बहुधा वर्गमित्रांवरच स्मरणशक्तीच्या किंवा प्रतिक्रियाकालाच्या चाचण्या घेतो आणि जर्नल पूर्ण करतो. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. परंतु घरात, शाळेत, रस्त्यावर माणूस कसा वागतो आणि ते वागणे बदलते का, हे त्यांतून कळत नाही. हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपवून पाहणारा एक अभ्यासक्रम अमेरिकेत घडला. त्याची आपण ओळख करून घेऊ.

त्यामागे एक साधा हिशेब होता. १९५९ साली जॉर्ज अल्बी या मानसशास्त्रज्ञाने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील मनुष्यबळाचा आढावा घेतला. प्रशिक्षित तज्ज्ञ गरजेला कधीच पुरे पडणार नाहीत, असे त्यात दिसले. मग तज्ज्ञ नसलेल्यांना काही कामे शिकवता येतील का? इलिनॉय विद्यापीठातील ज्युलियन रॅपापोर्ट, एडवर्ड सीडमन आणि विल्यम डेव्हिडसन यांनी १९७०च्या दशकात हे करून पाहिले. किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलामुलींना बाल न्यायालयात उभे करण्याऐवजी पदवीच्या एकेका विद्यार्थ्याशी जोडून द्यायचे, अशी ती योजना. डेव्हिडसन मिशिगन राज्य विद्यापीठात गेल्यावर १९७६पासून ती तेथे रुजली.

विद्यार्थ्यासाठी हा दोन सत्रांचा, गुण मिळवून देणारा विषय असे. आधी काही आठवडे लहान गटात प्रशिक्षण. नंतर १८ आठवडे एका मुलाबरोबर काम, आठवड्याला ६ ते ८ तास, तेही मुलाच्या घरी, शाळेत, वस्तीत. कार्यालयात बोलावून नव्हे. दर आठवड्याला गट मार्गदर्शकांसमोर बसे. काय केले, काय फसले, पुढे काय, याचा जाब प्रत्येकाला द्यावा लागे.

काम मुख्यतः दोन प्रकारचे. पहिले म्हणजे मुलगा आणि पालक यांच्यात लेखी करार. उदाहरणार्थ, मुलाने ठरल्या वेळी घरी यायचे आणि त्या बदल्यात पालकांनी रविवारी मित्रांकडे जाऊ द्यायचे. दुसरे म्हणजे मुलाच्या हक्काच्या गोष्टी मिळवणे. शाळेतून नाव कमी झाले असेल, तर परत घेण्याचा अधिकार कोणाचा, त्याच्याशी कसे बोलायचे, हे विद्यार्थी मुलाला बरोबर घेऊन करी. शेवटच्या आठवड्यांत तो हळूहळू मागे सरे, म्हणजे मुलाने स्वतः करावे.

येथपर्यंत ही समाजसेवा झाली. तिला विज्ञान बनवणारी गोष्ट वेगळीच आहे. कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे ना विद्यार्थी ठरवत, ना न्यायालय. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरे. त्यामुळे शहाणी मुले निवडून यश दाखवले, असे म्हणायला जागा उरत नाही.

सुमारे ४०० मुलांची एक तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात पुन्हा न्यायालयाच्या नोंदीत आलेल्यांचे प्रमाण विद्यार्थ्यांची साथ मिळालेल्या गटात २२ टक्के, नुसतेच सोडून दिलेल्यांत ३२ टक्के आणि नेहमीप्रमाणे न्यायालयात गेलेल्यांत ३४ टक्के होते. मात्र स्वतः काय काय केले हे मुलांनाच विचारले, तेव्हा तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही! वर्गात चर्चेला घ्यावी अशी ही विसंगती आहे. पोलीस किंवा न्यायालयाची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा कोणाच्या तरी नजरेस पडून कागदावर चढणे म्हणजे नोंद. मुले कमी वाह्यात झाली, की व्यवस्थेच्या जाळ्यात कमी अडकली? आमच्या मते दुसरे उत्तरही छोटे नाही, कारण नोंदीचा शिक्का पुढे शाळेत आणि नोकरीत आडवा येतो. पण ही दोन उत्तरे एक नव्हेत.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेतला एक निकालही बोलका आहे. हेच काम न्यायालयाच्या आवारात, तेथील कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली करवले, तेव्हा त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे तंत्राइतकेच स्थळही महत्त्वाचे ठरले.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९पासून आहे. २०२३च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि संशोधनप्रकल्प यांना श्रेयांकही मिळाले. पण ही शीर्षके वेगवेगळी आहेत. विद्यार्थी एका सत्रात रुग्णालयात जाईल, दुसऱ्यात वस्ती स्वच्छ करील, तिसऱ्यात प्रश्नावली भरून घेईल आणि तिन्हींचा एकमेकांशी संबंध नसेल. मिशिगनमध्ये मुलाकडे जाणे हीच सेवा, तेच प्रशिक्षण आणि त्याची नोंद हाच संशोधनाचा कच्चा माल होता. त्यासाठी लागली ती महाग उपकरणे नव्हेत, तर दर आठवड्याला मूठभर विद्यार्थ्यांचे ऐकून घेणारा शिक्षक. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गाला तो कोठून द्यायचा, हे वेळापत्रक आखणाऱ्यांना आधी ठरवावे लागेल.