तुमच्या दारावरून गेलेलं वटवाघूळ नक्की कोणतं?

दिवेलागणीची वेळ आठवा. रस्त्यावरचे दिवे लागतात, दिव्याभोवती किडे जमतात आणि एक काळी सावली त्या उजेडातून सपकन निघून जाते. तुम्ही म्हणता, "पाकोळी असेल." आजी म्हणते, "वाघूळ आहे, आधी खिडकी लावून घे." इथे भिलाईत शेजारच्या काकू म्हणतात, "चमगादड है!" तिघांचंही बरोबर आहे. पण ते नक्की कोणतं वटवाघूळ होतं, हे तिघांपैकी कोणीच सांगू शकत नाही. आणि गंमत म्हणजे, आयुष्यभर वटवाघळांचा अभ्यास केलेल्या माणसालाही ते नुसतं बघून सांगता येईलच असं नाही.

जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक प्रजाती आहेत. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच प्रजातींमागे एक वटवाघळाची. आपल्या भारतातच सव्वाशेहून अधिक प्रजातींची नोंद आहे. आणि हा आकडा अजून थांबलेला नाही. नवीन जंगलं सापडतात म्हणून तो वाढतो असं नाही. जे आपण एकच समजत होतो, ते दोन निघतात, म्हणून तो वाढतो.

पक्षी नाही आणि उंदीरही नाही

पशू आणि पक्ष्यांच्या लढाईत दोन्हीकडून हाकललेल्या वटवाघळाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. विज्ञानापुरतं बोलायचं तर त्याचं घर पक्कं आहे. वटवाघूळ पिल्लाला जन्म देतं, दूध पाजतं, अंगावर केस असतात. खऱ्या अर्थाने उडणारा तो एकमेव सस्तन प्राणी आहे.

त्याला "उडणारा उंदीर" म्हणणंही चुकीचंच. २०२० मध्ये संशोधकांनी सहा प्रजातींच्या वटवाघळांचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. जनुकांच्या वंशावळीत वटवाघळाचे चुलत नातेवाईक निघाले ते गाय, घोडा, कुत्रा, खवल्या मांजर आणि चक्क देवमासा यांचा गट. उंदीर त्यापेक्षा कितीतरी दूरचा. उंदीर उलट आपल्याला, म्हणजे माणसाला, जास्त जवळचा आहे!

त्याचा पंख म्हणजे खरं तर हात. वटवाघळांच्या गटाचं शास्त्रीय नाव कायरोप्टेरा, आणि त्याचा अर्थच "हाताचे पंख". तुमचा तळहात पसरा. आता मनातल्या मनात अंगठा सोडून बाकीची बोटं तुमच्या उंचीइतकी लांब करा आणि मधल्या जागेत पातळ कातडी ताणा. झाला पंख. ही बोटं एवढी लांब का होतात, याचा एक धागा २००६ मध्ये सापडला. गर्भात असताना वटवाघळाच्या बोटांमध्ये हाडांच्या वाढीला चालना देणारं एक प्रथिन उंदराच्या गर्भापेक्षा जास्त प्रमाणात तयार होतं. म्हणजे निसर्गाने नवा अवयव बनवला नाही. जुन्याच जनुकाचं बटण जरा जास्त वेळ दाबून ठेवलं.

गुजरातच्या खाणीतले दात

मग हे सगळं सुरू कधी झालं? उत्तराचा एक भाग आपल्याच देशात, सुरतजवळच्या वस्तान या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत दडलेला होता. २००७ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी तिथे मिळालेल्या इवल्याशा दातांच्या आणि जबड्यांच्या जीवाश्मांवरून वटवाघळांच्या तब्बल सात प्रजातींची नोंद केली. वय सुमारे सव्वापाच कोटी वर्षं. एवढ्या जुन्या काळी एकाच जागी सात प्रकार! याचा अर्थ वटवाघळांचा संसार त्याच्याही आधी थाटलेला असणार.

साधारण त्याच काळातला एक पूर्ण सांगाडा अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये मिळाला आणि २००८ मध्ये जगासमोर आला. त्याच्या पाचही बोटांना नख्या होत्या, पंख उडण्याजोगे होते, पण कानाची रचना आजच्या प्रतिध्वनी ऐकणाऱ्या वटवाघळांसारखी दिसत नव्हती. म्हणून अनेक संशोधकांना वाटतं की वटवाघूळ आधी उडायला शिकलं आणि अंधारात आवाजावरून वाट काढायला नंतर.

हा आवाजाचा खेळ तर थक्क करणारा आहे. वटवाघूळ आंधळं नसतं, त्याला दिसतं. पण किडे खाणारी वटवाघळं उडताना सतत बारीक, उंच पट्टीतला आवाज सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर भिंत आहे की डास, हे ओळखतात. आपला कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यांचा आवाज बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून तुम्हाला शांत वाटणारी संध्याकाळ त्यांच्यासाठी भर बाजारासारखी गजबजलेली असते. २०१० मध्ये असंही दिसलं की ऐकण्याशी संबंधित एका जनुकात वटवाघळं आणि डॉल्फिन यांच्यात स्वतंत्रपणे सारखेच बदल झाले आहेत. एक हवेत, दुसरा पाण्यात. गरज एक, म्हणून उत्तरही एक.

चेहरा सारखा, बोली वेगळी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. एकासारखं एक दिसणारी दोन वटवाघळं वेगळी आहेत, हे कळतं कसं?

भिलाईचंच उदाहरण घ्या. पोलाद कारखान्यासाठी देशभरातून माणसं आली आणि टाउनशिपच्या सेक्टरांमध्ये राहिली. बाहेरून क्वार्टर पाहिलीत तर सगळी सारखी. तोच जिना, तीच गॅलरी, तीच खिडकी. पण संध्याकाळी गल्लीतून चालत जा. एका घरातून मराठी ऐकू येते, पुढच्या घरातून तेलुगू, मग बंगाली, मग मल्याळम, मग छत्तीसगढी. घर बघून जे कळत नाही, ते आवाजावरून कळतं.

वटवाघळांचंही अगदी असंच झालं. युरोपात अंगठ्याएवढ्या आकाराचं एक वटवाघूळ घरोघरी आढळतं. पिढ्यान्‌पिढ्या ते एकच समजलं जात होतं. १९९० च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आलं की त्यातली काही सुमारे ४५ किलोहर्ट्झला आवाज काढतात आणि काही सुमारे ५५ ला. १९९७ मध्ये डीएनए तपासला, तर दोघांत एवढा फरक निघाला की त्या दोन स्वतंत्र प्रजाती असल्याचं मान्य करावं लागलं. एकाच गावात, एकाच आभाळात उडणारी दोन घराणी!

आपल्याकडे दक्षिण भारतातही हेच घडलं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं नाक असलेलं एक तांबूस वटवाघूळ इथे आढळतं. त्यातली काही सुमारे ८० किलोहर्ट्झवर बोलतात, काही सुमारे ९० वर. मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत २०१० च्या सुमारास त्यांची जनुकं तपासली आणि आवाजाचा फरक वंशाचाही फरक असल्याचं दिसलं. दुसऱ्या घराण्याला नाव मिळालं ऱ्हायनोलोफस इंडोरूक्सी. "इंडो" म्हणजे आपलं, भारतातलं.

वटवाघळांत अशा छुप्या प्रजाती इतक्या का? कारण ती एकमेकांना अंधारात ओळखतात. मोराला पिसारा दाखवायचा असतो, वटवाघळाला रूप दाखवून उपयोग नाही. आवाज आणि वास बदलले तरी चेहरा बदलण्याची गरज पडत नाही. शिवाय उडायचं म्हटलं की शरीराच्या ठेवणीला फार मोकळीक उरत नाही.

डीएनए घेण्यासाठी वटवाघळाला मारावं लागत नाही, हेही सांगायला हवं. पंखाच्या पडद्याचा तीळभर तुकडा पुरतो आणि ती जागा काही आठवड्यांत भरून येते.

मुंबईच्या कपाटात २४ वर्षं

कधीकधी नवी प्रजाती शोधायला जंगलातही जावं लागत नाही. १९४८ मध्ये तमिळनाडूच्या डोंगरात पकडलेलं एक फळं खाणारं वटवाघूळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात आलं. नेहमीचंच वटवाघूळ समजून ते ठेवून दिलं गेलं. १९७२ मध्ये थायलंडचे संशोधक किट्टी थाँगलाँग्या यांनी त्याची बारकाईने तपासणी केली आणि सांगितलं, ही नवी प्रजातीच नाही, तर सगळी जातकुळीच (जीनस) नवी आहे! आपले थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचं नाव त्याला दिलं गेलं. पक्ष्यांसाठी आयुष्य वाहिलेल्या माणसाच्या नावाने एक वटवाघूळ. गोष्टीतल्या त्या बिचाऱ्या वटवाघळाला अखेर पक्ष्यांच्या बाजूने आमंत्रण मिळालं म्हणायचं!

एका गुहेची गोष्ट

दुसरी गोष्ट बेळगावच्या खानापूर तालुक्यातली, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांची. १९१३ मध्ये तिथल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन झालं. मुंबई इलाख्यात वनाधिकारी राहिलेल्या रॉटन यांच्यावरून त्याचं नाव पडलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं ही प्रजाती जगात फक्त याच ठिकाणी आहे, असं मानलं जात होतं. २००० नंतर ती कंबोडियात आणि मेघालयातही सापडली. तिच्या आफ्रिकेतल्या भावंडांची जनुकं तपासली, तेव्हा तिथेही एकाच्या दोन प्रजाती झाल्या. २०१५ मध्ये नव्या प्रजातीचं नामकरण झालं.

आज या गुहा भीमगड अभयारण्यात आहेत. रॉटनचं आणि सलीम अलींचं, ही दोन्ही वटवाघळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आणि त्याच कायद्यात बाकीची फळं खाणारी वटवाघळं कुठे होती ठाऊक आहे? उंदीर आणि कावळ्यांबरोबर, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी रद्द झाली.

इथे या साऱ्या संशोधनाचं मोल कळतं. कायदा नावाने चालतो. ज्या प्रजातीला नाव नाही, तिला संरक्षण नाही. समजा, "सगळीकडे दिसतं" म्हणून आपण निश्चिंत असलेलं वटवाघूळ प्रत्यक्षात दोन प्रजातींचं निघालं आणि त्यातली एक फक्त दोन-चार गुहांतच उरलेली असली तर? वटवाघळाची मादी सहसा वर्षाला एकच पिल्लू देते. अशी एक गुहा धुराने किंवा गोंगाटाने रिकामी झाली, तर एक अख्खं घराणं संपेल आणि ते होतं हेही कोणाला कळणार नाही.

भीती, आजार आणि मोह

"पण त्यांच्यामुळे आजार पसरतात ना?" हा प्रश्न तुमच्या मनात असणारच, आणि तो रास्त आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांना महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. पण म्हणूनच कोणती प्रजाती कुठे राहते, काय खाते, हे नेमकं माहीत असणं गरजेचं आहे. घाबरून झाडं तोडली किंवा गुहेत धूर केला, तर बिथरलेली वटवाघळं आणखी वस्त्यांकडे येतात.

आणखी एक गोष्ट. विषाणू अंगात असूनही ती स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्या शरीराची विषाणूला दिलेली प्रतिक्रिया आटोक्यात राहते आणि त्यात काही जनुकांमधल्या बदलांचा हात असल्याचं दिसतं. त्यांचं आयुष्यही लांब. सायबेरियात जेमतेम सात ग्रॅम वजनाचं एक वटवाघूळ, खूण बांधल्यावर ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडलं! उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. म्हातारपण आणि आजारांवरच्या संशोधनात शास्त्रज्ञ वटवाघळांकडे आशेने पाहतात ते यामुळेच.

आणि आपल्या छत्तीसगढचा मोह कसा विसराल? मोहाची फुलं रात्री उमलतात, तेव्हा वटवाघळं त्यांवर येतात, परागीभवन करतात आणि पुढे फळं खाऊन बियाही दूर नेऊन टाकतात. ज्या मोहावर बस्तरपासून गडचिरोलीपर्यंत कित्येक घरांची चूल पेटते, त्याच्या मागे रात्रपाळी करणारे हे कामगार आहेत.

तुम्ही काय करू शकता?

• वटवाघूळ घरात शिरलं तर सर्वांत आधी पंखा बंद करा. मग दिवा मालवा, आतली दारं लावा, बाहेरची खिडकी सताड उघडा आणि खोलीतून निघून जा. ते आपलं आपण जाईल. केसांत अडकायची त्याला मुळीच हौस नसते.

• खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नका. वनविभागाला किंवा प्राणिमित्रांना कळवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

• अर्धवट कुरतडलेलं फळ खाऊ नका. बाकीची फळं नीट धुऊन, साल काढून खा.

• लेण्यांत किंवा गुहेत गेलात तर आरडाओरडा, धूर आणि त्यांच्यावर टॉर्चचे झोत टाळा.

• मुलांना घेऊन एखाद्या संध्याकाळी दिव्याच्या खांबापासून थोडं दूर उभे राहा आणि दहा मिनिटांत किती सावल्या गेल्या, ते मोजा. मोठ्या किती, छोट्या किती, उंच उडणाऱ्या किती, तेही लिहून ठेवा.

त्या वहीत नावं लिहिता आली नाहीत तरी चालेल. जी सावली एक वाटली ती दोन घराण्यांची असू शकते, एवढं मुलांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. उद्या त्यांच्यापैकीच कोणी तरी त्यातल्या एकीचं नाव शोधून काढेल.