स्वर धरून ठेवणारी खुंटी

तंबोरा जुळवून गवई गायला बसतो. पुढचा बराच वेळ तारा आपला स्वर सोडत नाहीत. त्यांना धरून कोण ठेवते? खिळा नाही, सरस नाही, स्क्रूही नाही. भोकात बसवलेली एक लाकडी खुंटी, एवढेच! गिटारला मात्र याच कामासाठी दातेरी चक्रांचे यंत्र असते. या दोहोंत सरस कोणते, हा प्रश्न वाद्य विकत घेताना हमखास निघतो. पदार्थविज्ञानाच्या मदतीने त्याचे उत्तर शोधू या.

खुंटीवर किती भार?

काळी एकच्या ‘सा’मध्ये जुळवलेल्या पुरुषी तंबोऱ्याची जोडाची तार घ्या. तिची वारंवारता सेकंदाला सुमारे १३९ कंपने. पोलादी तारेचा व्यास ०.३ मिलिमीटर आणि कंप पावणारी लांबी ९० सेंटिमीटर धरली, तर ताण सुमारे साडेतीन किलो वजन टांगल्याइतका येतो. खुंटीची जाडी १२ मिलिमीटर असेल, तर तार तिला अक्षापासून ६ मिलिमीटर अंतरावर ओढते. खुंटीच्या डोक्यावर, अक्षापासून दोन सेंटिमीटरवर, एक किलोचे वजन लटकवल्यावर ती जेवढ्या नेटाने फिरू पाहील, तेवढ्याच नेटाने ती सतत उलट फिरू पाहत असते.

तिला थोपवते ते घर्षण. खुंटी एका टोकाकडे किंचित निमुळती असते. व्हायोलिनच्या खुंटीचा व्यास दर ३० मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटरने कमी होतो. अशी खुंटी जरा आत दाबली की ती पाचरीसारखे काम करते. दाबाचा जोर थोडा असला, तरी भोकाच्या भिंतीवर पडणारा जोर कित्येक पटींनी वाढतो. त्याबरोबर घर्षणही वाढते. खुंटी फार गुळगुळीत झाली तर वादक तिला खडू चोळतात, तेही याचसाठी.

कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मिरजेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खुंटी भोकात सर्व बाजूंनी सारखी टेकली पाहिजे. एका बाजूला पोकळी राहिली तर ती मध्येच अडकते, मध्येच घसरते. म्हणून ती भोकात फिरवून, कोठे घासते ते पाहून, तेवढाच भाग तासावा लागतो.

पावसाळ्यात मात्र अडचण येते. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते, पण सर्व दिशांना सारखे नाही. वार्षिक वलयांना समांतर दिशेने ते, वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट फुगते. त्यामुळे गोल खुंटी किंचित लंबगोल होते आणि भोकाचाही आकार बदलतो. म्हणून जुलैत खुंटी जाम होते आणि उन्हाळ्यात सैल पडते.

एका अंशाची किंमत

वरचीच खुंटी फक्त एक अंश फिरवा. तार ०.१ मिलिमीटर गुंडाळली जाते. हे अंतर नगण्य वाटते, पण पोलाद फार ताठर असते. तारेची सगळी लांबी ११० सेंटिमीटर धरली, तर ताण सुमारे १४० ग्रॅम वजनाइतका, म्हणजे चार टक्के वाढतो. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती दोन टक्क्यांनी चढते. ‘सा’ ते कोमल ‘रे’ हे अंतरच सुमारे सहा टक्क्यांचे असते! म्हणजे एका अंशात आपण त्याचा तिसरा हिस्सा ओलांडला. जोडाची दुसरी तार मूळ स्वरावर असेल, तर दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाज सेकंदाला जवळजवळ तीन वेळा लहानमोठा होतो. यालाच विस्पंद म्हणतात.

इतके बारीक काम बोटांनी खुंटीवर साधणे कठीण. म्हणून घोडीच्या खालच्या बाजूस तारेत मणी ओवलेला असतो. घोडीपासून दूर सरकवला की तो तारेला तबलीपासून किंचित उचलतो आणि स्वर केसभर चढतो. खुंटीने स्वराच्या जवळ यायचे आणि मण्याने नेमके गाठायचे, अशी ही विभागणी आहे.

यंत्र काय करते?

गिटारच्या यांत्रिक खुंटीत एक मळसूत्री दांडा दातेरी चक्राला फिरवतो. १४ दात्यांचे चक्र असेल, तर दांड्याच्या १४ फेऱ्यांत तारेचा रूळ एकदा फिरतो. तंबोऱ्यावरचा तो एक अंश येथे १४ अंशांवर पसरतो, म्हणून नेमका स्वर गाठणे सोपे जाते. शिवाय दांडा चक्राला फिरवतो, पण चक्र दांड्याला फिरवू शकत नाही. मळसूत्राचा चढ अगदी सौम्य असतो. किंचित तिरप्या फळीवर वीट घसरत नाही, तसेच हे. म्हणजे येथेही शेवटी तार धरून ठेवते ते घर्षणच! फक्त ते लाकडातून धातूत गेले, म्हणून ओलीचा त्रास संपला.

पण यंत्राचेही दोष आहेत. मळसूत्र आणि दाते यांच्यात थोडा ‘खेळ’ राहतो. दिशा बदलली की दांडा जरा मोकळाच फिरतो. म्हणून स्वर नेहमी खालून वर चढवत जुळवावा. वजनही वाढते. स्पेनमधील फ्लॅमेंको गिटारला पूर्वी लाकडी खुंट्याच असत. त्या हलक्या, त्यामुळे वाद्याचे डोके जड होत नसे. आता बहुतेक वादक यंत्रच पसंत करतात. काही जण मात्र अजून खुंटीला धरून आहेत.

किमतीकडे पाहताना हे सारे ध्यानात ठेवावे. काटेकोर कापलेले दाते आणि कमी खेळ यांसाठी दिलेला पैसा स्वराच्या कामी येतो. सोनेरी मुलामा, पट्टीवरील नक्षी आणि शिंपल्याच्या मुठी यांसाठी दिलेला पैसा डोळ्यांच्या कामी येतो. त्यात गैर काहीच नाही, पण दोन्ही हिशेब वेगळे मांडावेत. दुरुस्तीचाही विचार करावा. लाकडी खुंटी बिघडली तर कारागीर तेवढीच नवी घडवून देतो. तीन यंत्रे एकाच पट्टीवर असली तर एकासाठी बहुधा सगळी पट्टी बदलावी लागते.

करून पाहा : शाळेतील सोनोमीटरच्या तारेला साडेतीन किलो वजन लावा. पूल सरकवून तिचा स्वर हार्मोनियमच्या एका सुराशी जुळवा. आता १४० ग्रॅम वाढवा. किती विस्पंद ऐकू येतात ते मोजा. मग पूल न हलवता १४० ऐवजी ७० ग्रॅम ठेवून पुन्हा मोजा. खुंटी अर्धा अंश फिरवल्याने काय होते, ते तुमचे कानच तुम्हांला सांगतील.